आडव्या आठाला ठेवलेली जागा

लेन्स बसवताना तो बोलत नसे आणि दुसऱ्यालाही बोलू देत नसे. कॅमेरा पोटाशी धरायचा, लेन्स तीन बोटांत घ्यायची, आधी उलट्या बाजूने अर्धा फेरा फिरवायची, आटा आट्यात पडल्याचा बारीक खटका आला की मग सुलट. साडेतीन फेरे. ते तो मनात मोजत असे आणि ओठ हलत. मध्ये कुणी हाक मारली तर लेन्स काढून पुन्हा पहिल्यापासून.

एकदा चिकलठाण्याच्या विमानतळावर एक मंत्री उतरले तेव्हा त्याचा दुसरा फेरा चालू होता. बाकीच्या पेपरांत दुसऱ्या दिवशी हात जोडलेले मंत्री होते. आमच्या पेपरात मंत्र्यांची पाठ आणि मोटारीचा उघडा दरवाजा होता. संपादकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. काच बंद होती, तरी संपादकांचा आवाज बाहेर येत होता. त्याचं उत्तर मात्र शांतपणे आलं.

"मंत्री पुन्हा येतेत, साहेब. आटा चुकून बसला तर लेन्स पुन्हा येत नाय."

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आमचं दैनिक लहान होतं आणि फोटोग्राफर दोन होते. त्यातला हा जुना. सगळे त्याला मामा म्हणत. तो कुणालाच नावाने हाक मारत नसे. माणूस जिथे बसतो ते त्याचं नाव. गुन्हे पाहणारा वार्ताहर 'क्राइम', जाहिरात विभागाचे प्रमुख 'जाहिरात', आणि पानं लावणारा मी 'डेस्क'. "काय डेस्क, आज किती कापणार आमच्या फोटोला?" असं विचारत तो ओले प्रिंट माझ्या टेबलावर ठेवायचा. संपादकांना तेवढं 'साहेब' म्हणायचा. क्राइमचं म्हणणं होतं की तेही त्यांच्या खुर्चीचंच नाव आहे.

तो करमाडचा. जन्म निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षातला. आई सांगे तेवढंच. घरी मेंढरं होती. वडील संध्याकाळी बांधावर उभे राहून, कळपाजवळ न जाता, मेंढरं मोजत आणि एखादं कमी असलं तर कुठलं ते सांगत. नजर त्याच्याकडेही आली होती. पैठण गेटला चहा पिताना आम्ही त्याची परीक्षा घ्यायचो. त्या खांबापर्यंत किती फूट? "नव्वद." क्राइम पावलं मोजत जायचा. चार-पाच फुटांच्या पलीकडे तो कधी चुकला नाही. पण याचं कौतुक केलेलं त्याला आवडत नसे.

"डोळ्याचं काय घेऊन बसलात? मेंढरामागं फिरणाऱ्या कुणालाबी असतोय. हे बघा." आणि लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे तो नखाने दाखवायचा. "हे जपानी माणसानं कोरलंय. शाळा शिकल्याल्या."

त्या आकड्यांवर त्याची श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेची वही होती. लांबट, लाल कापडी पाठीची. प्रत्येक फोटोची नोंद त्याच दिवशी: ठिकाण, लेन्स, ॲपर्चर, अंतर. त्याच्या कॅमेऱ्यात लेन्समधूनच पाहायचं असे. समोरचं स्पष्ट दिसेपर्यंत लेन्सची कडा फिरवायची, बटण दाबायचं. इतर लोक तिथे थांबत. हा कॅमेरा खाली घेऊन लेन्सवरचा आकडा वाचायचा आणि स्वतःलाच मोठ्याने सांगायचा, "चाळीस." सभेत, अंत्ययात्रेत, कुस्तीच्या फडात. एका पुढाऱ्याने भाषण थांबवून विचारलं होतं, "काय चाळीस?" हा म्हणाला, "तुम्ही, साहेब."

त्याचा कॅमेरा पूर्व जर्मन होता. लेन्स बसवायच्या तोंडाला बेचाळीस मिलिमीटरचे आटे, बाटलीच्या झाकणासारखे. त्या काळात जपानी कॅमेऱ्यांना आट्यांऐवजी खटक्याचं तोंड आलं होतं, ज्याला बायोनेट म्हणतात. आमच्या दुसऱ्या फोटोग्राफरने तसा कॅमेरा घेतला आणि पहिल्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना करून दाखवलं.

"मामा, हे बघा. टेकवलं, फिरवलं, खट्. झालं."

"एसटीच्या शिटावर रुमाल टाकल्यागत झालं हे. बसलं व्हय. पर पक्कं बसलं का, ते पुढच्या गावाला कळणार."

तरीही त्याची सगळ्यात आवडती लेन्स बायोनेटवालीच होती. एकशे पस्तीस मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी. वेरूळला एका परदेशी प्रवाशाने परतीच्या वाटेवर विकायला काढली, ती याने घेतली. लेन्स एका कंपनीची, कॅमेरा दुसऱ्या देशाचा; एकमेकांना बसणं शक्य नव्हतं. याने लेन्सच्या मागचे बारीक स्क्रू काढून मूळ बायोनेट उतरवलं आणि त्या जागी बेचाळीसचे आटे असलेली पितळी रिंग चिकलठाण्याच्या एका टर्नरकडून लेथवर करून घेतली. टर्नर वैतागून ऑफिसपर्यंत आला होता. "या मामाला सांगा, हे घड्याळाचं दुकान नाही. चौथ्यांदा आलाय."

खरं काम त्यानंतर होतं. रिंगच्या जाडीवर लेन्स फिल्मपासून किती दूर बसते ते ठरतं. रिंग जाड राहिली तर लेन्स पुढे राहते आणि लांबचं काहीच स्पष्ट होत नाही. लेन्सवर शेवटच्या आकड्यानंतर आडव्या आठासारखी खूण असते, ती अनंताची. तो तिला आडवा आठच म्हणे. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर तो रिंग घासायचा, बसवायचा, आणि सकाळी गोगाबाबा टेकडीवर जाऊन देवगिरीच्या किल्ल्याकडे पाहायचा. किल्ला धूसर दिसला की खाली येऊन पुन्हा घासायचा. हे तीन आठवडे चाललं. एकदा मी बरोबर गेलो होतो. त्या दिवशी त्याने बराच वेळ पाहिलं आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. किल्ल्याची तटबंदी सुरीने कापल्यासारखी दिसत होती.

"झालं की मग," मी म्हणालो.

"नाय. अजून घासणार. उन्हाळ्यात पितळ फुगतंय. आडवा आठ हातातनं गेला तर लेन्स मेली. म्हणून थोडी जास्तच घासायची. आठाला जागा ठेवावी लागती."

"किती जास्त?"

"केसभर."

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायचं काय, हे मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं, हे पुढे कळलं.

वाळूजच्या एका कारखान्यात त्या वर्षी तंटा सुरू होता. एका सकाळी गेटवर सभा चालू असताना व्यवस्थापनाची जीप आली, घोषणा झाल्या, आणि पाच मिनिटांत जीप आडवी पडली. मामा रस्त्याच्या कडेच्या वजनकाट्यावर उभा होता. त्याने एकशे पस्तीसने अकरा फोटो काढले. त्यातला एक पहिल्या पानावर गेला. आडवी जीप, आणि तिच्या वरच्या कडेला लागून एका कामगाराचं डोकं, छाती आणि उंच गेलेला उजवा हात. डावीकडे मोकळा रस्ता आणि एक झाड होतं. तीन कॉलमांत बसेना म्हणून ते मी कापलं. खालची ओळही माझी होती. 'उलटवलेल्या जीपजवळ हात उंचावून घोषणा देणारा कामगार.'

कारखान्याने सहा जणांना निलंबित केलं. पाच जणांविरुद्ध पहारेकऱ्यांच्या साक्षी होत्या. सहाव्याविरुद्ध फक्त आमचा फोटो होता.

आठवड्याभराने कारखान्याचे कार्मिक अधिकारी ऑफिसात आले. त्यांना निगेटिव्ह हवी होती. निगेटिव्ह एसटीच्या पार्सलने पुण्याच्या एका साप्ताहिकाकडे छापायला गेली होती आणि नेहमीप्रमाणे परत आली नव्हती. मग कुणीतरी वहीचं सांगितलं. मामाने वही काढली, पान उघडलं. त्या फोटोपुढे लिहिलं होतं: एकशे पस्तीस, ॲपर्चर आठ, शंभर फूट.

"हे अंतर कुणाचं? जीपचं?"

"माणसाचं. त्याच्या तोंडावर धरून काढला."

अधिकारी तेवढ्यावर उठले. दोन दिवसांनी परत आले ते वजनकाट्यापासून जीप पडली त्या जागेपर्यंतचं अंतर टेपने मोजून. एकशे चार फूट. म्हणजे तो माणूस जीपला खेटून उभा होता.

"चौकशीत एवढंच सांगाल ना?"

"वहीत हाय ते खरं," मामा म्हणाला. त्याने तसं लिहूनही दिलं. संपादकांनी हरकत घेतली नाही.

सहावा कामगार त्यानंतर आला. बजाजनगरात एका खोलीत राहणारा, तिशीचा, पैठणकडच्या खेड्यातला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आमच्या पेपरचं कात्रण त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलं आणि मामाच्या टेबलावर ठेवलं.

"हा मी," तो म्हणाला. "पर जिथं दिसतोय तिथं मी नव्हतो."

"फोटो मी काढलाय."

"व्हय, म्हणूनच आलो. मी आत होतो, सायकल स्टँडपाशी. जीपच्या लई पलीकडं. आमची चार-दोन पोरं गेटाकडं पळाली, त्यायला माघारी बोलवत होतो. हात केलाय तो त्याच्यासाठी."

"मग त्या पोरांना साक्षीला घे."

"कोण येतंय, मामा? जो येईल तो सातवा होईल."

क्राइमने टाइपरायटरवरचे हात खाली घेतले.

"माझ्या वहीत शंभर हाय," मामा म्हणाला. "वही खोटं बोलत नाय."

"मग मी बोलतो का?"

मामाने वही उघडून ते पान त्याच्यापुढे सरकवलं.

"तुम्ही तर डोळ्यानं बघितलं ना मला? सांगा की, कुठं होतो?"

"मी डोळ्यानं बघून लिहीत नाय."

त्या माणसाने कात्रण घडीवर घडी घालून पिशवीत ठेवलं. जाताना म्हणाला, "नोकरी गेली तर गावाकडं जायला तोंड नाय मला. तिथं सगळ्यायनी फोटो बघितलाय." आवाज चढलेला नव्हता.

मामा त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आला. "डेस्क, उद्या सहाला आमखासला ये. टेप आण."

सकाळी आमखास मैदानावर फिरायला आलेले चार लोक सोडले तर कुणी नव्हतं. त्याने कॅमेरा तिपाईवर लावला आणि मला कालचा पेपर छातीशी धरून उभं राहायला सांगितलं. वीस फुटांवर मी उभा राहिलो. त्याने मथळा स्पष्ट केला, लेन्सवर पाहिलं आणि ओरडला, "अठरा!" पन्नासावर गेलो. "चाळीस!" शंभरावर गेलो. या वेळी आवाज आला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "सत्तरच्या खाली." दोनशे फूट मोजायला टेप दोनदा टाकावी लागली. तिथून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, म्हणून मी चालत परत आलो.

लेन्स शंभरावर होती.

त्याने पुन्हा पाहायचं ठरवलं. मी पुन्हा दोनशेवर गेलो, पुन्हा परत आलो. शंभर. रिंग केसभर नव्हे, त्याहून बरीच जास्त घासली गेली होती. लेन्स फिल्मच्या जितकी जवळ बसली होती, तितकी ती प्रत्येक वस्तू जवळची सांगत होती. जवळच्या माणसांत फरक फूट-दोन फुटांचा, तो लक्षात येत नव्हता. लांबच्या माणसाचं अंतर निम्मं होत होतं. फोटोवर याचा काहीच परिणाम नव्हता, कारण फोटो तो काचेत पाहून काढत होता. ते सगळे स्वच्छ होते. चुकत होती फक्त वही.

तो गवतावर बसला.

"तवाच वाटलं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"वजनकाट्यावर. डोळा म्हणला, दोनशे. लेन्स म्हणली, शंभर. मी शंभर लिवलं."

ही गोष्ट त्याने ऑफिसात जाऊन संपादकांना सांगितली. मी केबिनमध्येच होतो. संपादकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मामा, तुम्हाला वहीतली नोंद वाचायला बोलावलंय. नोंद वाचा आणि या. तुम्ही तिथे वही चुकीची म्हणालात, तर उद्या आपला कुठलाही फोटो कुणीही चुकीचा म्हणेल. विचारलं त्याच्या बाहेर बोलू नका."

"बरं," मामा म्हणाला.

एवढंच. त्या 'बरं'चा अर्थ मला लागला नाही. चौकशीला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत त्याने एकशे पस्तीस कपाटातून काढली नाही आणि त्या विषयावर कुणाशी बोलला नाही. कामगार पुन्हा आला नाही. संपादकांनी मला मामाबरोबर जायला सांगितलं. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला ते समजलं होतं.

चौकशी कारखान्याच्या कँटीनवरच्या खोलीत होती. चौकशी अधिकारी शहरातले एक वयस्क वकील. एका बाजूला कार्मिक अधिकारी, दुसऱ्या बाजूला तो कामगार आणि त्याच्या वतीने बोलणारा एक सहकारी. कात्रण मोठ्याने वाचण्यात आलं, खालच्या ओळीसकट. 'जीपजवळ' हा शब्द वकिलांनी दोनदा वाचला. ओळ कुणी लिहिली, हे कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

"ही वही आपलीच?"

"व्हय."

"अक्षर आपलं?"

"माझंच."

"या फोटोपुढचं अंतर वाचून दाखवा."

मामाने पानावर बोट ठेवलं. पंख्याचा आवाज येत होता. कामगार फरशीकडे पाहत होता.

"शंभर फूट."

कार्मिक अधिकाऱ्यांनी फाइल मिटली. वकिलांनी कामगाराच्या सहकाऱ्याला विचारलं, "आपल्याला साक्षीदाराला काही विचारायचं आहे?" त्याने कामगाराकडे पाहिलं, मग मामाकडे. काय विचारायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. "नाही, साहेब." वकील लेखनिकाला मजकूर सांगू लागले. मामा अजून उभाच होता. मी खुर्चीत पुढे सरकलो. ते धीर यावा म्हणून होतं की त्याला थांबवावं म्हणून, हे मी आजही सांगू शकत नाही.

"साहेब, लिहू नका अजून," मामा म्हणाला. "मी वाचलं ते वहीतलं. खरं दोनशे हाय."

"हे काय आता?" कार्मिक अधिकारी उठले. "तुम्हीच लिहून दिलंय, वहीत आहे ते खरं."

"दिलंय."

"मग आज कुणी शिकवलं?"

"कुणी नाय. रिंग मी घासलीय. जास्त घासली. लेन्स लांबचं अर्धं सांगती. समद्यांनी खाली चला, दावतो."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. त्यांना हे आवडलेलं नव्हतं, पण ते उठले.

मामाने पिशवीतून कॅमेरा आणि एकशे पस्तीस काढली. आम्ही वजनकाट्यावर गेलो. पाळी सुटायची वेळ होती. जाळीच्या आत कामगार जमू लागले. कामगाराला सायकल स्टँडपाशी उभं करण्यात आलं. मामाने हाक मारली, "भाऊ, हात कर. त्या दिवशी केला तसा." त्याने उजवा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. मामाने लेन्स फिरवून समोरचं पुरतं धूसर केलं आणि कॅमेरा वकिलांना दिला. "तुम्ही बघा. मी हात लावत नाय."

वकिलांना कड फिरवायला वेळ लागला. एकदा पुढे गेले, एकदा मागे आले. गेटवर कुणीतरी खोकलं, तेवढंच. दूर तो माणूस हात वर करून उभा होता.

"दिसला," वकील म्हणाले.

"आता आकडा वाचा."

त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ आणला, मग लांब धरला. "शंभर."

पहारेकऱ्यांनी टेप टाकली. एकशे अठ्ठ्याण्णव भरले.

वर परत आल्यावर कार्मिक अधिकाऱ्यांनी उलटतपासणी मागितली. ते आता शांत होते, आणि ते जास्त वाईट होतं.

"म्हणजे या लेन्सच्या लांबच्या सगळ्या नोंदी खोट्या?"

"चुकीच्या. व्हय. लिहा."

"रिंग कुणी खराब केली?"

"खराब नाय. मीच घासली."

"चांगलं. मग हेही सांगा. या वहीवरून याआधी कुणाची नोकरी गेली आहे?"

हा टोला होता. माहिती असून विचारलेला प्रश्न नव्हता. वकीलही म्हणाले, "याचं उत्तर द्यायची गरज नाही." मी मनात म्हणालो, देऊ नकोस.

मामाने वही मिटली.

"एकदा गेली," तो म्हणाला. "पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर होता. मिरवणुकीत सायकलवाला पडला. ड्रायव्हर म्हणत होता, मी लांबच थांबलो, सायकलवाला घसरून पडला. मालकानं येऊन वही बघितली. मी म्हणलो, तू लांब नव्हतास. मालकानं काढला त्याला."

"आणि लेन्स?"

"हीच."

लेखनिकाचं पेन थांबलं होतं. वकिलांनी त्याला खूण केली, लिहा.

परत येताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. तो खिडकीतून बाहेर पाहत होता. टँकरची गोष्ट मला माहीत नव्हती. टँकरचा मालक वही बघायला आला तेव्हा मी रजेवर होतो. मी विचारलं, "आठवण कधी आली?" तो म्हणाला, "आमखासवर. दोनशेला तू उभा होतास तवा."

महिन्याभराने त्या कामगाराला कामावर घेतल्याचं पत्र मिळालं. पत्रात कारण दिलेलं नव्हतं. बाकीच्या पाच जणांचं प्रकरण पुढे कोर्टात गेलं. संपादकांनी मामाला काहीच म्हटलं नाही. फक्त यापुढे वही बाहेरच्या माणसाला दाखवायची नाही, असा एक कागद फलकावर लावला. मामाने तो कागद वाचला आणि त्याच दिवशी माझ्या टेबलावर दोन दिवसांच्या रजेचा अर्ज ठेवला. कारणाच्या जागी लिहिलं होतं: जालना.

दोन दिवसांनी तो नेहमीच्या वेळेला आला. पायांवर धूळ होती. बसस्थानकावरून तो थेट ऑफिसात आला असावा. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला.

"टँकरवाला सापडला का?" मी विचारलं.

"सापडला. रसवंतीवर असतोय. बैलाच्या नाय, इंजिनाच्या."

"सांगितलं?"

"समदं सांगितलं. रिंग काढून हातात दिली. आमखासचे आकडे वाचून दावले. म्हणलं, तू लांबच थांबला होतास. तुझं खरं होतं."

"मग?"

"ऐकून घेतलं. रिंग फिरवून फिरवून बघितली. माघारी दिली. म्हणला, लांबून आलात, पाणी घ्या."

"आणि?"

"तांब्या दिला भरून. मी पिलो. मग गिऱ्हाईक आलं, तो उठला."